मोबाईल चपला पाहत नाही

"दुकानात फक्त हात लावाले जायचं. घ्याले नाई."

हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दारात उभी असताना ऐकलं. अकोल्यातल्या एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात मला काम लागलं होतं, प्रवेशाचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरण्याचं. हातात जॉइनिंगचं पत्र होतं आणि ते आत कोणाला द्यायचं हे विचारायचा धीर होत नव्हता. परीक्षा विभागाच्या टेबलामागे एक ठेंगणी बाई चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाशी धरून, लायब्ररीच्या मॅडमना मिक्सर कसा घ्यावा ते समजावत होती. आधी दुकानात जायचं. तीन मिक्सर खाली काढायला लावायचे, चालवून पाहायचे. पसंत पडेल त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो काढायचा, मुलीला रंग दाखवायचा आहे असं सांगून. दुकानदाराने चहा मागवला तर प्यायचा, कारण चहाला नाही म्हटलं की त्याला संशय येतो. मग घरी येऊन, पंख्याखाली पाय पसरून, तोच मिक्सर मोबाईलवर मागवायचा.

या गावंडे मॅडम. त्यांनी माझं पत्र घेतलं, शाळेचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "कॉन्व्हेंटची पोट्टी हाये. बरं झालं. रिटर्नचे नियम इंग्रजीत रायते."

त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव 'कॉन्व्हेंट' पडलं. माझं खरं नाव मस्टरवर होतं, तिथे ते सुखाने राहिलं.

वडील काय करतात, हेही त्यांनी त्याच दिवशी विचारलं. मी "बिझनेस" म्हणाले. हा शब्द मी चौथीत शिकले. वर्गात कोणाचे डॅडी डॉक्टर होते, कोणाचे इंजिनिअर, आणि माझ्या बाबांचं अमरावतीला जवाहर गेटच्या आत भांड्यांचं दुकान होतं. कसला बिझनेस, असं मॅडम विचारणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पार्सल गेटवर आलं होतं. पार्सल आलं की मॅडम माणसांना विसरत. मी सुटले, आणि पुढे दोन वर्षं सुटलेलीच राहिले.

ऑफिसात त्यांचं खरं काम परीक्षेचं होतं आणि ते त्या चोख करत. पण लोक त्यांना ओळखत ते 'गाडी भरणे' या दुसऱ्या कामासाठी. मोबाईलवरच्या खरेदीच्या 'कार्ट'ला त्या गाडी म्हणत. तिच्यात ठरावीक रकमेच्या वर सामान घेतलं की घरपोच आणायचे पैसे लागत नाहीत. एकट्या माणसाचं सामान तेवढं होत नाही. म्हणून मॅडम सोमवारी सकाळी सगळ्या टेबलांवरून फिरत आणि विचारत, "गाडीत कोणाचं काय बसवू?" प्राचार्यांचं दाढीचं क्रीम, शिपाई वानखडे काकांचा रेनकोट, माझं खोबरेल तेल, लायब्ररीच्या मॅडमचे गुडघ्याचे पट्टे हे सगळं एका गाडीत बसायचं. तरी चाळीस रुपये कमी पडले तर मॅडम सेफ्टी पिना घेत. त्यांच्या टेबलाच्या खणात इतक्या पिना साठल्या होत्या की एका स्नेहसंमेलनात पूर्ण लेझीम पथकाच्या साड्या त्यांनी एकटीने टाचून दिल्या.

नियम त्यांना तोंडपाठ होते. कोणत्या सेलला काय स्वस्त होतं, कोणत्या बँकेचं कार्ड कोणत्या दिवशी चालतं. स्वतःकडे कार्ड नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी त्या आठवडाभर आधीपासून गोड बोलत. प्राचार्यांकडे अशी तीन कार्डं होती. कॉलेजात प्राचार्यांना न घाबरणारी ती एकच बाई होती, याचं कारण पुष्कळांना कळत नसे.

चुका त्यांच्याही होत. पण त्या चूक मान्य करत नसत. चूक त्यांच्या लेखी एक नवीन वस्तू असे, जिचा उपयोग अजून सापडलेला नाही. एकदा त्यांनी गादी मागवली. गादी हवा काढून, गुंडाळून, मोठ्या पोळपाटाएवढ्या खोक्यात आली. घरी नेण्याआधी माल तपासायचा हा त्यांचा नियम, म्हणून त्यांनी परीक्षा विभागातच पिशवीला कात्री लावली. गादी एक क्षण निपचित पडली. मग ती फुगू लागली, तेलात टाकलेल्या पुरीसारखी. टेबल व्यापलं, खुर्ची ढकलली, प्रॅक्टिकलच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खाली पाडले. वानखडे काका तिच्यावर बसले, मग लायब्ररीच्या मॅडम बसल्या, पण ती काही परत पिशवीत जाईना. बाहेर तोंडी परीक्षेला आलेली मुलं खिडकीतून बघत होती. मॅडमनी चष्मा खाली घेतला, गादीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "पाहा, माल अस्सल हाये." संध्याकाळी ती गादी चार जणांनी डोक्यावर धरून त्यांच्या घरी नेली. मॅडम पुढे चालत होत्या. रस्त्यातले लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते, त्यांना काही वेगळंच वाटलं असावं.

मी या सगळ्याला हसत असे. तोंडावर हात ठेवून, कॉम्प्युटरच्या आड. पण एक गोष्ट मला जड जात होती.

शनिवारी दुपारी मी अमरावतीची एसटी पकडून घरी जायचे आणि रविवारी दुकानात बसायचे. बाबांचं दुकान पूर्वी दोन शटरचं होतं. एक शटर त्यांनी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिलं. उरलेल्यात लोक येत, गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, उचलून बघत, झाकण लावून बघत, बुडाचा फोटो काढत, आणि मुलीला दाखवून येतो म्हणत. ते गेले की बाबा फडकं घेऊन बसत. स्टीलवर बोटांचे ठसे उमटतात, ते पुसल्याशिवाय भांडं पुन्हा चळतीत ठेवता येत नाही. काही रविवारी मी मोजके विकलेले गंज बांधायचे आणि ढीगभर ठसे पुसायचे. सोमवारी अकोल्याला येऊन ठसे कसे उमटवायचे याचं प्रशिक्षण ऐकायचे.

दुकान जे काही चालत होतं ते नावांमुळे. आमच्याकडे लग्नात मुलीला आंदण देतात. गंज, पराती, पाण्याचा पितळी गुंड, सगळं मांडवात मांडून ठेवतात आणि पाहुणे वाकून वाकून प्रत्येक भांड्यावर कोरलेलं नाव वाचतात. नाव नसलेलं भांडं म्हणजे आणलं तरी कोणी, असं होतं. भांडं आमच्याकडून घेतलं की बाबा नाव फुकट टाकून देत. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे. मशीनची सुई धरलेला हात जराही हलत नाही. एका दिवाळीत एक गृहस्थ ऑनलाइन मागवलेला अख्खा संच खोक्यांसकट घेऊन आले आणि नुसती नावं टाकून मागू लागले. बाबांनी नावं टाकून दिली. रात्री जेवताना मात्र ते आईला म्हणाले की पुढच्या दिवाळीपर्यंत असंच चाललं तर हेही शटर देऊन टाकू. दुसऱ्या दिवशी मी माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहून मशीनच्या वर लावली. 'बाहेरच्या भांड्यांवर नाव टाकून मिळणार नाही.' दुकानासाठी मी केलेलं तेवढं एकच काम.

एकदा मॅडम मला टिळक रोडवर घेऊन गेल्या. त्यांना मुलीसाठी, प्राजक्तासाठी, शालू बघायचा होता आणि अंगावर टाकून दाखवायला कोणीतरी हवं होतं. दुकानात दोन माणसं गादीवर उभी राहून साड्या उलगडत होती, मी पुतळ्यासारखी उभी होते आणि मॅडम मला "जरा वळ, नवरीबाई" म्हणत फोटो काढत होत्या. बाहेर पडल्यावर मी मागे वळून पाहिलं. दोघं जण चाळीस साड्यांच्या घड्या घालत होते. मी परतताना रस्त्याने काही बोलले नाही. मी तशीही बोलत नसे, त्यामुळे मॅडमच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटलं.

पण रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, "तुले वाटत असन, बाई लबाड हाये."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी बाहेर बघत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान प्राजक्ता चौथीत असताना गेले. त्यांच्या जागी मॅडमना नोकरी मिळाली. पहिल्या पगारात त्या याच रस्त्यावर मुलीला फ्रॉक घ्यायला गेल्या. दुकानदाराने आधी त्यांच्या पायातल्या चपला पाहिल्या आणि मग नोकराला सांगितलं, खालच्या कप्प्यातलं दाखव. वरचं दाखवा म्हटल्यावर तो म्हणाला, ते तुमच्या कामाचं नाही, बाई. मॅडमनी खालच्या कप्प्यातला फ्रॉक घेतला. पोरीने तो दोन वर्षं घातला.

"मोबाईल माया चपला पाहत नाई," त्या म्हणाल्या. "त्याले काय मालूम मी कोण हाये. वरचा कप्पा उघड म्हटलं का उघडते."

एवढं बोलून त्यांनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडण काढलं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

प्राजक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मॅडमनी सगळं आंदण ऑनलाइन घेतलं. दोन सेल आणि प्राचार्यांची तिन्ही कार्डं त्यात कामी आली. खोकी घरी येत गेली, पलंगाखाली सरकत गेली. लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा त्यांना आठवलं की यावर नावं टाकायची आहेत.

त्या अकोल्यातल्या भांड्यांच्या पहिल्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "या मॅडम, आज फोटो काढाले आल्या का?" दुसऱ्याने त्यांना पाहून नोकराला नुसतं सांगितलं, खाली काही काढू नको. तिसऱ्याने चहा मागवला, त्यांना पाजला आणि मग नाही म्हटलं. पंधरा वर्षांत त्यांनी अकोल्यातली सगळी दुकानं हाताळली होती. आपण दुकानं बघतो आहोत एवढंच त्यांना ठाऊक होतं. दुकानंही आपल्याला बघत होती हे त्यांच्या गावी नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उघडी झाली. पलंगाखालचं शेवटचं खोकं लग्नाच्या गडबडीत तपासायचं राहिलं होतं, ते त्यांनी ऑफिसात आणून फोडलं. त्यात पितळी गुंड होता. फोटोत तो घाटदार, झळझळीत दिसत होता. खोक्यातून निघाला तो तळहातावर मावला. पाणी भरायला घेतलं असतं तर तीन चमच्यांत भरला असता. उंची फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलेली होती, इंग्रजीत, इंचांमध्ये. परत करायची मुदत संपून महिना झाला होता. मॅडमनी गुंड पदराने पुसला आणि म्हणाल्या, "देवापाशी ठेवाले बरा हाये." पण नेहमीचा जोर नव्हता.

मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कॉन्व्हेंट, तू अमरावतीची ना. तिथी मले कोणी ओळखत नाई. एखादा नाव टाकणारा मालूम हाये का?"

मी म्हणाले, एक दुकान माहीत आहे.

त्या शनिवारी आम्ही दोघी एसटीने निघालो. दोन मोठ्या चुंगड्यांत, म्हणजे पोत्यांत, भांडी, माझ्या मांडीवर पराती. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. प्रत्येक गावाला मी ठरवत होते की आता सांगू. मॅडमनी पर्समधून एक चिठ्ठी काढून मला दाखवली. 'चि. सौ. कां. प्राजक्ता हिस, वडील श्री. सुधाकर गावंडे यांजकडून.' मी ती दोनदा वाचली. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं.

"भावजय म्हणे, कैलासवासी लाव. मी म्हटलं, नाई लावत. वर गेला म्हणून काय झालं, बाप त हाये." चिठ्ठीची घडी घालत त्या म्हणाल्या, "पाहुणे वाकून वाचतीन तेव्हा तो मांडवात पाहिजे."

बडनेरा आलं. मी सांगितलं नाही.

दुकानात बाबा मशीनवर वाकून बसले होते. कोणाच्या तरी ताटावर नाव चाललं होतं. मॅडम पायरी चढता चढताच बोलू लागल्या, की लांबून आलो आहोत, तुमचं नाव ऐकून आलो आहोत, जे त्यांनी ऐकलंच नव्हतं. बाबांनी मान वर केली. मॅडमच्या मागे त्यांना मी दिसले. ते "आली का" म्हणणार होते. ओठ तसे झालेही. मी मान किंचित हलवली. नाही.

बाबांनी ओळख दाखवली नाही. ही सवय मीच त्यांना लावली होती. ते मला लुनावरून शाळेत सोडत, तेव्हा मागे गंजांची चळत बांधलेली असायची, आणि मी त्यांना फाटकाच्या अलीकडच्या वळणावर थांबायला लावायचे. त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आताही त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि मला "बसा" म्हणाले. आपल्या मुलीला.

मॅडमनी चुंगड्या सोडल्या. भांडी बाहेर आली, काहींवर अजून चिकटपट्ट्या होत्या. बाबांनी एक गंज उचलून बुडाशी बोट फिरवलं आणि पाटीकडे बघितलं. मॅडमनी पाटी वाचली. मग त्या सुरू झाल्या. आधी लाडीगोडी, मग घासाघीस. नाव टाकायचे दुप्पट देते. मग चढा आवाज. तुम्ही दुकानदार लोक तिप्पट भाव लावता म्हणूनच माणूस मोबाईलकडे जातो, वगैरे. सोमवार सकाळचं सगळं भाषण, बाबांच्या तोंडावर. बाबा ऐकत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर असन. पण या नावावरच मायं दुकान हाये. ते बी तुमाले बाहेरच्या मालावर टाकून देलं, त मी विकू काय?"

  मॅडमनी पर्स उघडली, चिठ्ठी काढली आणि काउंटरवर ठेवली. बाबांनी चष्मा लावून वाचली. 'वडील श्री.' वर त्यांचं बोट थांबलं. ते बोट पुढे सरकलं आणि पुन्हा तिथेच आलं. पण सुई त्यांनी उचलली नाही. पाटी मुलीने लिहिलेली होती आणि मुलगी समोर परकी होऊन बसली होती. ते कोणाच्या सांगण्यावरून ती मोडणार होते?

मॅडमनी तेवढ्यात चुंगडीतून तो चिमुकला गुंडही काढून सगळ्यांच्या रांगेत ठेवला होता. परातीशेजारी तो हट्टाने उभा होता. एक हात त्यावर ठेवून मॅडम माझ्याकडे वळल्या. केस एसटीच्या वाऱ्याने उडालेले, चष्मा कपाळावर, पायात तसल्याच साध्या चपला.

"तू काहून मुकी बसली व," त्या म्हणाल्या. "सांग ना यायले काही."

पुढच्याच जूनमध्ये मॅडम रिटायर झाल्या. प्राजक्ताजवळ राहायला गेल्या, पुण्याला, आणि अजूनही सेलच्या आदल्या दिवशी मला निरोप पाठवतात. गाडीत काय बसवू, म्हणून. पण मला त्या आठवतात त्या तशाच, काउंटरशी, तळहातावर मावणाऱ्या गुंडावर हात ठेवून माझ्या बोलण्याची वाट बघणाऱ्या.

त्या दिवशी दुकानात मी स्टुलावरून उठले. पाटीच्या वरच्या टोकाचा खिळा मीच ठोकला होता, तो हाताने निघाला. पाटी उलटी करून मी काउंटरवर ठेवली. माझा आवाज मला अनोळखी वाटला, जरा मोठाच निघाला, शेजारचा कव्हरवाला वाकून बघू लागला.

"मॅडम, हे माझे बाबा. बाबा, या भांड्यांवर नावं टाकून द्या, चिठ्ठीत लिहिलंय अगदी तसंच. आणि मॅडम, मोठा गुंड तुम्ही इथूनच घेणार आहात. फोटो काढायचा नाही. भाव करायचा नाही."